खापरावरची काळी रेघ

रायपूरच्या महंत घासीदास संग्रहालयात सिरपूरच्या कांस्यमूर्तींपुढे पावलं थबकतात. फुटक्या मडक्याच्या तुकड्यापुढे मात्र कुठल्याही संग्रहालयात कुणी फारसं रेंगाळत नाही. पण राजे-रजवाडे नव्हते तेव्हाच्या सुगी-दुष्काळाचा हिशेब कळतो तो या खापरांवरूनच. महाराष्ट्रातल्या जोर्वे संस्कृतीची खापरं तो फार स्पष्ट सांगतात.

संगमनेर तालुक्यात प्रवरेकाठी जोर्वे हे गाव आहे. डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये तिथं उत्खनन केलं. या गावाच्या नावानं ओळखली जाणारी मातीची भांडी पुढे गोदावरी, प्रवरा आणि भीमेच्या खोऱ्यांत ठिकठिकाणी सापडली. ती घडवणाऱ्या लोकांचा सुबत्तेचा काळ इ.स.पू. १४०० ते १०००.

जोर्व्याचं भांडं हातात घेतलं की घडवणाऱ्याची तयारी कळते. चाकावर घडवलेलं, पातळ, खरपूस भाजलेलं. टिचकी मारली तर धातूसारखं खणखणतं. लालसर अंगावर काळ्या रंगात तिरप्या समांतर रेघा, त्रिकोण, आडव्या-उभ्या रेघांनी भरलेल्या चौकटी. लांब नळीसारखी तोटी असलेला तांब्या आणि मध्ये ठळक कंगोरा असलेला वाडगा हे या कुंभारांचे खास घाट. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावच्या जोर्वे वस्तीत मूल दगावलं तर दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांत त्याला ठेवत आणि घराच्याच जमिनीखाली पुरत. सोबत तोटीचा तांब्या आणि वाडगाही देत. आपल्या लेकराला तहान-भूक लागेल, ही काळजी तीन हजार वर्षांपूर्वीच्या आईबापांनाही होती.

इनामगावला १९६८ पासून दीड दशक खोदकाम चाललं. म. के. ढवळीकर आणि सहकाऱ्यांना तिथं शंभराहून अधिक घरं सापडली; पाण्यासाठी खोदलेला पाट आणि बांधही सापडला. मुख्य पीक जव. पण इ.स.पू. १०००नंतरच्या थरांत चित्र पालटतं. ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात, शेती खालावते, शिकारीवरची भिस्त वाढते. भांडी ओबडधोबड होतात आणि नक्षी विरळ होत जाते. ढवळीकरांनी याचा संबंध घटलेल्या पावसाशी जोडला. मला तो पटतो: पोटाची भ्रांत पडली की रेघ ओढायला लागणारी उसंत आधी जाते.

जगाच्या दुसऱ्या टोकाला, पेरूच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या वाळवंटात, इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत नाझ्का लोकांनीही मातीवरच चित्रं काढली. रंगीत मातीचे पातळ लेप भाजण्याआधीच देऊन ते एकाच भांड्यावर अनेक रंग खुलवत. पक्षी, मासे, देवदेवता रंगवत. त्यांनाही पाण्यासाठी जमिनीखालून पाट काढावे लागले. कोरड्या मुलखातल्या माणसांनी पाणी साठवायच्या भांड्यालाच सजवावं, यात मला जगण्यावरची माया दिसते.

ही माया जपणं आता आपल्या हाती आहे. नदीकाठच्या पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाची, माती शेतात टाकायला, घरं लिंपायला सर्रास उपसली जाते आणि तिच्याबरोबर हजारो वर्षांचे थर जातात. रायपूरजवळून वाहणाऱ्या खारून नदीच्या काठी, दुर्ग जिल्ह्यातल्या तरीघाटला, अशाच टेकाडांखाली प्राचीन वस्ती निघाली. तेव्हा नांगराच्या फाळाला खापर लागलं तर ते बांधावर भिरकावू नका. ते कुठल्या जागी मिळालं हे लिहून ठेवा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. जागा हरवली की खापराची निम्मी साक्ष जाते.