रस्त्यात पडलेल्या माणसाला कोणी उचलावे?

ट्रकचा धक्का लागून एखादा मोटारसायकलवाला रस्त्यात पडतो. रक्त वाहू लागते. भोवती पाचपन्नास माणसे जमतात. पण हात कोणी लावीत नाही. आम्ही हे पुष्कळ वेळा पाहिले आहे.

ही माणसे काही दगडाच्या काळजाची नसतात. त्यांना भीती वाटते. "उचलून नेलं तर पोलीस आपल्यालाच धरतील. दवाखान्याचं बिल गळ्यात पडेल. मग कोर्टाच्या तारखा! पेरणी टाकून तालुक्याला हेलपाटे कोण घालणार?" ही भीती उगाच होती, असे आम्ही म्हणणार नाही. असे घडत होते.

डॉक्टरसुद्धा भीत. मागे एका स्कूटरवाल्याला मोटारीने उडविले. एका भल्या माणसाने त्याला जवळच्या दवाखान्यात नेले. डॉक्टर म्हणाले, ही पोलीस केस आहे, वीस किलोमीटरवर दुसरे हॉस्पिटल आहे, तिकडे न्या. वाटेतच जखमीचा जीव गेला. ही बातमी वर्तमानपत्रात आली. परमानंद कटारा यांनी ती सुप्रीम कोर्टापुढे नेली. १९८९ साली कोर्टाने निकाल दिला. डॉक्टर सरकारी असो की खाजगी, त्याने आधी जीव वाचवायचा. कागदपत्रे मागाहून.

पण उचलणाऱ्याचे काय? त्याच्यासाठी सेव्हलाइफ फाउंडेशन ही संस्था २०१२ साली कोर्टात गेली. मार्च २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने मदत करणाऱ्याच्या बचावाचे नियम सगळ्या देशाला लागू केले. पुढे २०१९ साली मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम घातले गेले.

या कलमात आणि नियमांत काय आहे? समजा, तुम्ही चांगल्या मनाने जखमीला उचलले. तरीही तो दगावला. किंवा उचलताना तुमच्या हातून चूक होऊन त्याची इजा वाढली. तरी तुमच्यावर दिवाणी किंवा फौजदारी खटला होत नाही. तुमचे नाव-गाव सांगण्याची सक्ती पोलीस करू शकत नाहीत. दवाखानाही करू शकत नाही. तुम्ही नातेवाईक नसाल, तर भरतीचे पैसे तुमच्याकडे मागता येत नाहीत.

आपण होऊन साक्षीदार व्हायचे असेल, तर जरूर व्हा. मग तुमच्या सोयीच्या वेळी पोलिसांनी तुमच्या घरी किंवा कामाच्या ठिकाणी यायचे, तेही साध्या कपड्यात. जबाब एकदाच घ्यायचा. पुन्हा पुन्हा बोलवायचे नाही.

ज्याच्या गाडीने धक्का दिला, त्याला मात्र हा आडोसा नाही. त्याने जखमीला दवाखान्यात नेलेच पाहिजे. आणखी एक गोष्ट. हे कलम मोटारीच्या अपघातापुरते आहे. शेतात कोणाला साप चावला, तर ते लागू नाही. पण डॉक्टरने आधी उपचार करायचे, हा १९८९ चा निकाल तिथेही लागू आहेच.

घाई कशासाठी? अपघातानंतरचा पहिला तास फार मोलाचा असतो. त्या तासात उपचार मिळाले, तर जगण्याची आशा जास्त. म्हणून १०८ वर फोन करा. सरकारी रुग्णवाहिका येते. पैसे पडत नाहीत. फोन करणाऱ्यावरही नाव सांगण्याची सक्ती नाही.

मदत करणाऱ्याचे हे हक्क प्रत्येक दवाखान्याने दारापाशी, तिथल्या लोकांच्या भाषेत लिहून लावले पाहिजेत, असा २०२० चा नियम आहे. तालुक्याला जाल तेव्हा ती पाटी शोधा. सावकाश वाचा. दिसली नाही, तर दवाखान्याच्या कचेरीत विचारा, "पाटी कुठं लावली आहे?"