अवजड मोटारसायकलीची चपळ चाल

आकारानें जें मोठें तें चालीनें मंद असावयाचें, अशी आपणां सर्वांची समजूत असते. भरलेली बैलगाडी मंद, घाट चढणारा मालट्रक मंद, डोक्यावर ओझें घेतलेला हमालहि मंद. हा अनुभव नित्याचा असल्यामुळें, जेथें हा नियम मोडलेला दिसतो तेथें आपण चकित होतों. लांबच्या प्रवासासाठीं मुद्दाम बांधलेल्या ज्या प्रचंड मोटारसायकली जपान, जर्मनी व अमेरिका या देशांत निर्माण झाल्या, त्या अशाच विस्मयाचा विषय आहेत. इंग्रजींत त्यांस ‘टूरिंग’ मोटारसायकली म्हणतात. आपण त्यांस प्रवासी मोटारसायकली म्हणूं.

या गाड्यांपैकीं सर्वांत प्रसिद्ध म्हणजे जपानांतील होंडा कंपनीची ‘गोल्ड विंग’. ती प्रथम १९७४ सालीं जर्मनींतील कोलोन येथील प्रदर्शनांत लोकांपुढें आली. तिच्या इंजिनाची धारणा ९९९ घन सेंटिमीटर होती व त्यास चार सिलिंडर होते. १९८८ सालीं तिला सहा सिलिंडरांचें इंजिन मिळालें, आणि २०१८ सालीं निघालेल्या नव्या गाडींत हीच धारणा १८३३ घन सेंटिमीटर झाली. सामानाच्या पेट्यांसह हिचें वजन सुमारें ३८० किलो भरतें. आपल्या रस्त्यांवर नित्य दिसणारी शंभर घन सेंटिमीटरांची मोटारसायकल सुमारें ११० किलोंची असते. म्हणजे तसल्या तीन गाड्या एकत्र बांधल्या तरी या एका गाडीची बरोबरी होत नाहीं. मागें बसणारासाठीं पाठीची गादी, पुढें वारा अडविणारी कांच, दोन्ही बाजूंस पेट्या, असा हिचा थाट पाहिला म्हणजे हें धूड वळणावर कसें वळत असेल, असा प्रश्न सहजच मनांत येतो. परंतु जाणत्या स्वाराच्या हातीं तीच गाडी घाटांतील नागमोडी रस्त्यावर एखाद्या हलक्या गाडीसारखी डावी-उजवी झुकत निघून जाते. हें कसें घडतें, तें क्रमाक्रमानें पाहूं.

प्रथम वेगाचा विचार करूं. गाडीची चलाखी केवळ तिच्या शक्तीवर अवलंबून नसते. एकेका किलोच्या वांट्यास किती शक्ति येते, यावर ती अवलंबून असते. शंभर घन सेंटिमीटरांच्या गाडीचें इंजिन सुमारें ८ अश्वशक्तीचें असतें. गाडी ११० किलो व स्वार ७० किलो धरला, तर १८० किलोंस ८ अश्वशक्ति, म्हणजे दर शंभर किलोंस साडेचार अश्वशक्तीहून किंचित् कमी. गोल्ड विंगचें इंजिन सुमारें १२५ अश्वशक्तीचें आहे. गाडी व स्वार मिळून ४५० किलो धरले, तर दर शंभर किलोंस जवळजवळ २८ अश्वशक्ति पडते. म्हणजे जी गाडी आपणांस लठ्ठ वाटत होती, ती शक्तीच्या हिशेबानें सहापट सडपातळ निघाली! जर्मनींतील बी.एम.डब्ल्यू. कंपनीनें २०११ सालीं विक्रीस आणलेली ‘के १६००’ ही प्रवासी गाडी तर १६० अश्वशक्तीची आहे, व तिचा वेग ताशीं २०० किलोमीटरांच्याहि पुढें जातो. शिवाय वेग दुप्पट झाला कीं वाऱ्याचा अडथळा चौपट होतो. म्हणूनच या गाड्यांच्या पुढें गुळगुळीत आवरण बसवितात. त्यानें वारा कापला जातो आणि स्वारास थकवा कमी येतो.

आतां वळण्याचा विचार करूं. कारण खरें नवल तेथेंच आहे. दुचाकी वळते ती झुकून. वळणावर दोन प्रेरणा तिच्यावर काम करितात. एक गुरुत्वाकर्षणाची, ती झुकलेल्या गाडीस खालीं पाडूं पाहते. दुसरी बाहेर फेंकणारी, जिला आपण केंद्रोत्सारी प्रेरणा म्हणतों. ती गाडीस पुन्हां उभी करूं पाहते. या दोन्ही समतोल झाल्या म्हणजे गाडी न पडतां वळते. आतां विद्यार्थ्यांनीं लक्ष द्यावें तें येथें: गाडीचें वजन दुप्पट झालें तर पाडणारी प्रेरणा दुप्पट होते, हें खरें, पण सावरणारी प्रेरणाहि त्याच क्षणीं दुप्पट होते. तराजूच्या दोन्ही पारड्यांत सारखेंच वजन वाढविलें तर दांडी जशी हलत नाहीं, तसेंच हें आहे. हिशेबांतून वजन वजा होतें. किती झुकावें हें केवळ वेग व वळणाची त्रिज्या यांवर ठरतें.

उदाहरणार्थ, ताशीं ६० किलोमीटर वेगानें ५० मीटर त्रिज्येचें वळण घ्यावयाचें आहे. ताशीं ६० किलोमीटर म्हणजे सेकंदास सुमारें १६·७ मीटर. याचा वर्ग सुमारें २७८. त्यास त्रिज्या व गुरुत्वाचें प्रवेगमान यांच्या गुणाकारानें, म्हणजे सुमारें ४९० नें, भागिलें तर ०·५७ येतात. आणि ज्याची स्पर्शज्या इतकी आहे असा कोन सुमारें ३० अंशांचा असतो. या गणितांत वजनाचा आंकडा कोठेंहि आला नाहीं. म्हणजे ११० किलोंच्या गाडीनेंहि सुमारें ३० अंश झुकावें, आणि ३८० किलोंच्या गाडीनेंहि तितकेंच. रुंद टायरांमुळें थोडासा फरक पडतो, एवढेंच.

परंतु किती झुकावें हें जरी समान असलें, तरी जड वस्तूस झुकविण्यास जोर अधिक लागावयाचा. तो स्वार कोठून आणतो? येथें एक चमत्कारिक युक्ति आहे, व ती तुम्ही सायकलीवर रोज नकळत करीत असतां. उजवीकडे वळावयाचें असेल तर स्वार हॅन्डलाची उजवी बाजू किंचित् पुढें दाबतो. त्यामुळें पुढचें चाक क्षणभर डावीकडे वळतें. चाकाचा जमिनीवरील टेका डावीकडे सरकतो, आणि वरचा सारा भार आपोआप उजवीकडे कलतो. भार कलला कीं चाक पुन्हां उजवीकडे वळतें व गाडी वळण घेते. म्हणजे उजवीकडे जाण्यासाठीं आधीं डावीकडे! विमान उडविणारे राइट बंधू मूळचे सायकलींचे दुकानदार. त्यांपैकीं विल्बर राइट यांनीं हें ओळखिलें होतें, आणि बहुतेक सायकलस्वारांस आपण असें करितों हें ठाऊकच नसतें, असेंहि त्यांस आढळून आलें होतें. प्रत्यय पाहिजे असेल तर आठवा: भिंतीच्या अगदीं कडेनें सायकल जात असली म्हणजे भिंतीपासून दूर होणें किती अवघड जातें! कारण दूर जाण्यासाठीं आधीं भिंतीकडे चाक वळवावें लागतें, आणि तेथें तर जागाच नसते.

गाडी वेगांत असली म्हणजे या युक्तीनें थोड्याशा दाबानें मोठा भार कलतो. कारण कलविण्याचें काम हातांच्या बळानें होत नसून गाडीच्या स्वतःच्या गतीनें होत असतें. नव्या करारांतील याकोबाच्या पत्रांत घोड्याचा लगाम व गलबताचें सुकाणूं यांचे दाखले दिले आहेत, ते येथें सहज आठवतात. वस्तु थोर, पण तिला वळविणारें साधन लहान.

वेग मंदावला म्हणजे मात्र ही मदत नाहींशी होते, आणि वजन पुन्हां जाणवूं लागतें. म्हणून या गाड्यांच्या रचनाकारांनीं भार शक्य तितका खालीं ठेविला आहे. गोल्ड विंगच्या इंजिनांतील सिलिंडर उभे नसून दोन्ही बाजूंस आडवे पसरलेले असतात, त्यामुळें इंजिनाचा गुरुत्वमध्य खालीं राहतो. १९७५ सालीं विक्रीस आलेल्या पहिल्याच गाडींत पेट्रोलची टांकी नेहमींच्या जागीं न ठेवितां सीटखालीं ठेविली होती. पुढें जी टांकी दिसे ती केवळ देखाव्याची. याचा लाभ आंकड्यांनीं पाहूं. समजा, ३८० किलोंच्या गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्ध्या मीटरावर आहे व हॅन्डल एक मीटरावर आहे. उभी गाडी ५ अंश कलली, तर हॅन्डलाशीं सुमारें १७ किलोंचा जोर लावून ती सांवरतां येते. हें कोणाहि प्रौढ मनुष्यास जमण्यासारखें आहे. पण तीच २० अंश कलूं दिली, तर ६५ किलोंचा जोर लागेल, व तो फार थोड्यांस साधेल. यावरून जाणते स्वार काय शिकतात? तर तोल जाऊं लागतांच, आरंभींच, सांवरावा. पुढें पश्चात्ताप करून उपयोग नाहीं. एवढी गाडी मागें ढकलणें कठीण, म्हणून १९८८ च्या गोल्ड विंगपासून तिला विजेच्या स्टार्टरच्या साहाय्यानें मागें चालण्याचीहि सोय केली गेली.

मंद वेगांतील कौशल्य पाहावयाचें असेल तर अमेरिकेंतील पोलिसांकडे पाहावें. तेथील अनेक शहरांचे पोलीस हार्ले-डेव्हिडसन कंपनीच्या अवजड मोटारसायकली वापरतात. त्यांच्या शिक्षणांत रस्त्यावर रबरी शंकू मांडून, त्यांमधून गाडी पाय न टेकतां अरुंद वळणें घेत काढावयाची असते. त्यांचें साधन बळ नव्हे. क्लच अर्धवट धरून ठेवावयाचा, मागचा ब्रेक हलकेच दाबून ठेवावयाचा, आणि दृष्टि शंकूवर न ठेवितां जिकडे जावयाचें तिकडे ठेवावयाची, या तीन गोष्टींच्या मेळावर सारें अवलंबून असतें. जो खालीं शंकूकडे पाहतो तो नेमका शंकूवरच जातो, असा तेथील शिक्षकांचा अनुभव आहे.

अशा गाड्या किती टिकाव धरतात याचें एक उदाहरण देतों. अर्जेंटिना देशांतील एमिलिओ स्कोटो हे गृहस्थ १९८५ च्या जानेवारींत गोल्ड विंगवर बसून जगप्रवासास निघाले, ते १९९५ सालीं परतले. या दहा वर्षांत त्यांनीं सुमारें ७,३५,००० किलोमीटर प्रवास केला. पृथ्वीचा परीघ सुमारें ४०,००० किलोमीटरांचा आहे. तेव्हां हा प्रवास पृथ्वीभोंवतीं अठरा प्रदक्षिणांइतका झाला.

येथपर्यंत आपण कौतुक केलें. आतां एक गोष्ट कौतुक बाजूस ठेवून सांगणें प्राप्त आहे. वळण्याच्या गणितांतून जसें वजन वजा होतें, तसेंच सामान्यतः ब्रेकच्या गणितांतूनहि होतें. कारण टायरची पकड वजनाबरोबर वाढते. पण वेग कोणत्याहि गणितांतून वजा होत नाहीं. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर गाडीचा वेग दर सेकंदास ८ मीटरांनीं कमी होतो असें धरलें, तर ताशीं ६० किलोमीटरांवरून थांबण्यास साडेसतरा मीटर लागतात. ताशीं १२० वरून थांबण्यास सुमारें ७० मीटर. वेग दुप्पट, अंतर चौपट. त्यांत, धोका दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर ६० च्या वेगांत १७ मीटर व १२० च्या वेगांत ३३ मीटर गाडी विनाअटकाव पुढें गेलेली असते. आणि टक्कर झालीच, तर तेथें मात्र वजन आपला पुरा हिशेब मागून घेतें. कारण आघाताची शक्ति वजनाच्याहि प्रमाणांत असते, व वेगाच्या वर्गाच्याहि प्रमाणांत असते. होंडा कंपनीनें २००६ सालीं गोल्ड विंगला हवेची संरक्षक पिशवी देऊं केली, ती हें ओळखूनच.

आपल्या पालकवर्गास हें सांगण्याचें कारण उघड आहे. मुलगा नववी-दहावींत गेला कीं घरांतील मोटारसायकलीची किल्ली त्यास खुणावूं लागते, आणि ‘जवळच तर जावयाचें आहे’ म्हणून ती त्याच्या हातीं दिली जाते. गिअरची गाडी चालविण्याचा परवाना वयाचीं अठरा वर्षें पूर्ण झाल्यावांचून मिळत नाहीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं जी दुरुस्ती झाली, तिच्या अन्वयें अल्पवयी मुलानें गाडी चालवून गुन्हा केल्यास पालक अथवा गाडीचा मालक यांस तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड अशी शिक्षा सांगितली आहे. पण दंडाचें भय हें खरें कारण नव्हे. गाडी देतांना आपण मुलाच्या हातीं केवळ वाहन देत नसून गति देत असतों. आणि त्या गतीस आवरण्याची दृष्टि, धीर व संवय वयानें व शिक्षणानेंच येते.

विद्यार्थिमित्रांनो, या प्रचंड गाडीची चपळाई पाहून तुमच्या मनांत तिच्याविषयीं ओढ उत्पन्न झाली असेल, तर ती वाईट नाहीं. तिच्या इंजिनाचा अभ्यास करा, त्रिकोणमितींतील स्पर्शज्या कोठें उपयोगी पडते तें ध्यानांत घ्या, आणि सायकलीवर सावकाश, पाय न टेकतां, अरुंद जागेंत वळण्याचा सराव करून पाहा. वेगानें जाणें हें इंजिनाचें काम आहे, तें कोणासहि साधतें. सावकाश जाऊन तोल राखणें हें स्वाराचें काम आहे, आणि तें ज्यास साधलें त्याच्याच हातीं मोठी गाडी शोभते. योग्य वय झाल्यावर, शिरस्त्राण घालून, परवाना खिशांत ठेवून तुम्ही रस्त्यावर याल, तेव्हां आज शिकलेलें हें गणित तुमच्या उपयोगीं पडो.