टोमॅटो मोठा झाला, त्याची गोष्ट

टोमॅटोचा पूर्वज पेरू आणि इक्वाडोरमध्ये अजूनही रानात वाढतो. सोलॅनम पिम्पिनेलिफोलियम हे त्याचं नाव. फळ वाटाण्याहून जरासं मोठं, वजन एक-दोन ग्रॅम. आज काही जातींचं एकेक फळ अर्धा किलो भरतं. मग झाडात नेमकं बदललं काय? आपल्याला वाटतं, मोठं फळ देणारं एखादं नवं जनुक आलं असेल. तसं झालेलं नाही. बऱ्याच ठिकाणी जुनाच लगाम सैल झालाय.

2000 साली कॉर्नेल विद्यापीठात स्टीव्हन टँक्सली यांच्या गटाने एफडब्ल्यू 2.2 हे जनुक शोधून वेगळं काढलं. एफडब्ल्यू म्हणजे फ्रूट वेट, फळाचं वजन. पुढचा दोन म्हणजे दुसरं गुणसूत्र. या जनुकाची रानटी प्रत त्यांनी लागवडीच्या टोमॅटोत घातली, तर फळाचं वजन 30 टक्क्यांपर्यंत घटलं! दोन्हींतलं प्रथिन जवळपास सारखंच. फरक आहे तो जनुक कधी आणि किती जोरात चालतं यात.

पण एवढ्याने एक ग्रॅमचा अर्धा किलो होत नाही. टोमॅटो आडवा कापून बघा. रानटी फळात दोन कप्पे असतात, मोठ्या जातींत आठ-दहासुद्धा. फुलाची कळी घडताना टोकावरच्या मूळ पेशी आटोक्यात ठेवायचं काम क्लॅव्हाटा-3 हे जनुक करतं. काही जातींत याच्या शेजारचा जवळपास तीन लाख अक्षरांचा डीएनएचा तुकडा उलटा बसलाय, त्यामुळे हे जनुक मंदावतं. मूळ पेशी वाढतात, फूल रुंद होतं, कप्पे वाढतात. फळ थोडं वेडंवाकडंही होतं, ते आपण चालवून घेतो.

आकाराचा मामला आणखी गमतीचा. लांबट फळ देणारं 'सन' जनुक दहाव्या गुणसूत्रावर होतं. डीएनएतल्या एका उडत्या तुकड्याने त्याची नक्कल सातव्यावर नेऊन ठेवली. तिथे ते भलतंच जोरात चालू लागलं. मग पेशी उभ्या दिशेने जास्त आणि आडव्या दिशेने कमी होतात. काकडीच्या आकारातही याच कुळातल्या जनुकाचा हात आहे. 'ओव्हेट'मध्ये तर एका अक्षराच्या बदलाने प्रथिन अर्धवट राहतं आणि फळ पेरसारखं होतं.

या सगळ्यात चव कुठे गेली, असं तुम्ही विचाराल. बरोबर आहे. फळ मोठं तितकी साखर कमी, हे शेकडो जाती तपासून 2017 मध्ये दिसलं. आम्हाला हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण शेतकऱ्याला पैसे वजनाचे मिळतात, गोडीचे नाही. 2024 मध्ये चिनी संशोधकांनी साखरेवर लगाम ठेवणारी दोन जनुकं बंद केली. साखर 30 टक्क्यांपर्यंत वाढली आणि फळाचं वजन घटलं नाही. बिया मात्र थोड्या कमी आणि हलक्या झाल्या. उगवल्या त्या नेहमीसारख्याच.