छोटा पडदा मोठा होतो तेव्हा

चित्रपटगृहातील पडद्याच्या तुलनेत घरातील दूरचित्रवाणी संचाला ‘छोटा पडदा’ म्हणण्याची रीत मराठीत रूढ आहे. १९८७ साली रविवारी सकाळी ‘रामायण’ मालिका सुरू झाली, तेव्हा याच छोट्या पडद्यासमोर अवघी आळी जमत असे. पुढे घरोघरी संच आले, त्यानंतर प्रत्येकाच्या हाती स्मार्टफोन आला आणि पाहणे ही एकट्याने करावयाची गोष्ट होऊन बसली. एकाच दिवाणखान्यात चार माणसे चार निरनिराळ्या पडद्यांत डोके खुपसून बसलेली आढळू लागली. या नव्या मोजमापात जुना ‘छोटा पडदा’च आता घरातील सर्वांत मोठा पडदा ठरला आहे.

नातवाच्या मुंजीची चित्रफीत, शाळेच्या स्नेहसंमेलनातील नाच, दूरदेशी असलेल्या लेकीने पाठविलेली नव्या घराची दृश्ये, हे सारे हल्ली फोनमध्येच साठलेले असते. सहा इंची काचेवर ते पाहताना आजी-आजोबांना चष्मा वर-खाली करावा लागतो आणि फोन हातोहात फिरत राहतो. हीच चित्रफीत संचावर लावता आली, तर सारे घर पुन्हा एकत्र बसते. त्यासाठी लागणारी साधने बहुतेक घरांत आधीच असतात. मात्र आजचा फोन हा केवळ चित्रांचा संग्रह राहिलेला नाही. तेच खातेदाराचे पासबुक, तेच धनादेश-पुस्तक आणि तीच तिजोरीची किल्ली आहे. म्हणून मोठ्या पडद्यावर नेमके काय जात आहे, केवळ चित्रफीत की संपूर्ण फोन, हे आधी समजून घेणे अगत्याचे ठरते.

कास्टिंग आणि मिररिंग : दोन निराळ्या क्रिया

फोनवरील चित्र बिनतारी पद्धतीने संचावर नेण्याचे दोन प्रकार आहेत. बोलण्याच्या ओघात त्यांची नेहमीच गल्लत होते.

पहिला प्रकार कास्टिंगचा. यात फोन संचाला फक्त निरोप देतो, की अमुक चित्रफीत लाव. पुढे संच ती चित्रफीत स्वतःच इंटरनेटवरून मिळवितो आणि फोन रिमोटसारखा उरतो. त्या वेळी फोनवर कोणाशी बोलता येते, संदेश वाचता येतो. त्यातले काहीही संचावर उमटत नाही.

दुसरा प्रकार मिररिंगचा, म्हणजे प्रतिबिंबाचा. यात फोनच्या पडद्यावर जे जे दिसते, ते सर्व जसेच्या तसे संचावर दिसते. फोन आपल्याच पडद्याचे क्षणाक्षणाला चित्रण करतो, ते संकुचित करतो आणि वाय-फाय लहरींवरून संचाकडे पाठवितो. आरसा समोरच्या वस्तूंत निवड करीत नाही, तसेच हे आहे. चित्रफीत दिसते, तसा मध्येच आलेला संदेशही दिसतो.

सोनाराकडे एखादा दागिना दाखवावयाचा, तर कोणी तिजोरी उचलून दुकानात नेत नाही. कास्टिंग म्हणजे दागिना दाखविणे आणि मिररिंग म्हणजे उघडी तिजोरी समोर ठेवणे, एवढा हा फरक आहे.

कोणत्या घरात कोणता मार्ग

संच स्मार्ट असेल आणि घरी वाय-फाय असेल, तर कास्टिंग सर्वांत सोयीचे. फोन आणि संच एकाच वाय-फायला जोडलेले असावेत, ही यातील मुख्य अट. चित्रफितीच्या ॲपमध्ये आयताच्या कोपऱ्यात लहरी काढलेली एक खूण दिसते. ती दाबून संचाचे नाव निवडले की काम होते. संच स्मार्ट नसेल, पण त्याला एचडीएमआय खाच असेल, तर तेथे बसविण्याचे छोटे उपकरण मिळते. या जातीचे ‘क्रोमकास्ट’ २०१३ साली आले आणि लोकप्रिय झाले. त्याचे उत्पादन २०२४ मध्ये थांबले, तरी अन्य कंपन्यांची तशी उपकरणे बाजारात उपलब्ध आहेत.

ॲपलच्या फोनमध्ये हेच काम ‘एअरप्ले’ ही सुविधा करते. तिच्यात कास्टिंग आणि मिररिंग दोन्ही आहेत. फोटोंच्या ॲपमधून एअरप्लेची खूण निवडल्यास फक्त ती चित्रफीत जाते, तर ‘स्क्रीन मिररिंग’ निवडल्यास सगळा पडदा जातो.

घरी वाय-फाय नसेल, तर अनेक अँड्रॉइड फोनमध्ये ‘मिराकास्ट’ची सोय असते. २०१२ साली आलेली ही पद्धत फोन आणि संच यांना थेट जोडते. मधे राउटर लागत नाही आणि फोनमध्ये साठविलेली चित्रफीत पाहण्यासाठी इंटरनेटचा डेटाही खर्च होत नाही. फोनच्या कंपनीनुसार तिला ‘स्मार्ट व्ह्यू’, ‘स्क्रीन कास्ट’ अथवा ‘वायरलेस डिस्प्ले’ अशी नावे दिलेली आढळतात. येथे नावांमुळे फसगत होऊ शकते. ‘स्क्रीन कास्ट’ असे नाव असले, तरी ही क्रिया मिररिंगचीच आहे.

तारेचा मार्गही विसरण्याजोगा नाही. यूएसबी-सी खाच असलेल्या काही फोनमधून अडॅप्टरच्या साहाय्याने एचडीएमआय तारेवर चित्र नेता येते. ॲपलच्या फोनमध्ये अशी खाच २०२३ च्या आयफोन १५ पासून आली. परंतु खाच दिसायला सारखी असली, तरी प्रत्येक फोनमधून चित्र बाहेर पडतेच असे नाही. स्वस्त फोनमध्ये बहुधा ती केवळ चार्जिंग आणि फायलींच्या देवाणघेवाणीपुरती असते. तेव्हा अडॅप्टर विकत घेण्यापूर्वी फोनच्या माहितीपत्रकात ‘डिस्प्लेपोर्ट’चा उल्लेख आहे का, हे पाहिल्यास पैसे वाया जात नाहीत.

आणि सर्वांत साधा मार्ग पेनड्राइव्हचा. चित्रफीत त्यावर उतरवून पेनड्राइव्ह संचाच्या यूएसबी खाचेत बसविला की झाले. येथे फोनचा संबंधच उरत नाही, त्यामुळे खाजगी काही उघड होण्याची भीतीही नाही. दोन अडचणी तेवढ्या ठाऊक असाव्यात. ‘फॅट ३२’ पद्धतीने मांडणी केलेल्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसत नाही. तसेच नवे फोन पुष्कळदा ‘एचईव्हीसी’ या स्वरूपात चित्रण करतात आणि जुन्या संचांना ते उलगडत नाही. आवाज येतो पण चित्र येत नाही, किंवा फाईल उघडतच नाही, अशा वेळी बहुधा हेच कारण असते. फोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ अथवा ‘एच २६४’ हा पर्याय निवडून पुढील चित्रण केल्यास हा प्रश्न मिटतो.

नेहमीच्या तीन तक्रारी

पहिली तक्रार चित्र अडखळण्याची. वाय-फाय साधारणतः २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांत चालते. पहिला पट्टा भिंतींतून दूरवर पोहोचतो, परंतु त्यावर शेजारपाजारच्या उपकरणांची गर्दी असते. दुसरा वेगवान असतो, मात्र काँक्रीटच्या भिंती त्याला अडवितात. राउटर आणि संच एकाच खोलीत असतील, तर ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरणे हितावह. मोबाईलच्या डेटावर इंटरनेटवरील चित्रफिती पाहणाऱ्यांनी खर्चाचेही भान ठेवावे. एचडी दर्जाचे चित्र तासाला सुमारे ३ जीबीपर्यंत डेटा घेऊ शकते.

दुसरी तक्रार काळ्या पडद्याची. मिररिंग चालू असताना चित्रपटाचे एखादे ॲप उघडले, तर आवाज येतो पण पडदा काळाच राहतो. हा बिघाड नव्हे. नक्कल होऊ नये म्हणून ॲपनेच तशी तजवीज केलेली असते. अनेक बँकांची ॲपही याच कारणाने प्रतिबिंबात काळी दिसतात. खातेदाराच्या शिल्लक रकमेवर टाकलेला तो पडदाच आहे. काही उपाय करून तो दूर सारण्याचा प्रयत्न करू नये.

तिसरी तक्रार चित्र बारीक दिसण्याची. फोन उभा धरून केलेले चित्रण आडव्या संचावर मधल्या चिंचोळ्या पट्टीत दिसते. ९ : १६ प्रमाणातील उभे चित्र १६ : ९ च्या पडद्याची जेमतेम ३२ टक्के जागा व्यापते. उरलेला ६८ टक्के पडदा काळा राहतो. पुढे घरातल्या सर्वांनी पाहावे असे वाटणारे प्रसंग फोन आडवा धरूनच टिपावेत.

चारचौघांत उघडी पडणारी तिजोरी

मिररिंग चालू असताना पाहुण्यांनी भरलेल्या खोलीत फोनवर संदेश येतो. पगार जमा झाला, कर्जाचा हप्ता थकला, वैद्यकीय तपासणीचा अहवाल आला, किंवा व्यवहारासाठीचा ओटीपी आला. फोनच्या पडद्यावर जो मजकूर एकट्याने वाचावयाचा, तो संचावर बोटभर अक्षरांत सर्वांसमोर येतो. पासवर्ड टंकताना प्रत्येक अक्षर क्षणभर दिसते, तेही तेथे मोठे होऊन उमटू शकते. २०२४ च्या अँड्रॉइड १५ पासून पडदा इतरत्र दाखविला जात असताना ओटीपीसारखा मजकूर झाकण्याची सोय झाली आहे. परंतु जुन्या फोनमध्ये ती नाही.

म्हणून शक्य तेथे कास्टिंग करावे. मिररिंग अपरिहार्य असेल, तर आधी ‘डू नॉट डिस्टर्ब’ सुरू करावे आणि संदेशांचा मजकूर पडद्यावर येणार नाही अशी मांडणी करून घ्यावी. तारेने जोडणी केली असेल, तर ‘फ्लाइट मोड’ हा उत्तम उपाय आहे. मिररिंग थांबविल्याची खात्री केल्यावाचून बँकेचा कोणताही व्यवहार करू नये.

सदनिकांच्या इमारतीत संचांच्या यादीत शेजाऱ्याचा संचही दिसू शकतो. आपल्या संचाला ओळखता येईल असे नाव द्यावे आणि प्रथम जोडणीच्या वेळी संचावर सांकेतिक आकडा येत असेल, तर तो पडताळूनच पुढे जावे. हॉटेलातील संचावर स्वतःच्या नावाने प्रवेश केला असेल, तर खोली सोडताना तेथून बाहेर पडावे. जुना संच विकताना अथवा देऊन टाकताना तो ‘फॅक्टरी रिसेट’ करावा.

दूरच्या पडद्यावरचे प्रतिबिंब

आतापर्यंतचा धोका घराच्या चार भिंतींतला होता. खरी हानी याच तंत्राच्या दुसऱ्या रूपातून होते. फोनचे प्रतिबिंब जसे समोरच्या संचावर नेता येते, तसेच ते इंटरनेटवरून हजार मैलांवरच्या अनोळखी माणसाच्या पडद्यावरही नेता येते. कार्यालयीन कामासाठी आणि दुरुस्तीसाठी उपयुक्त असलेली ही ‘स्क्रीन शेअरिंग’ची सोय भामट्यांच्या हाती पडली आहे.

असा प्रसंग कोणावरही येऊ शकतो. संच फोनशी जुळत नाही, म्हणून गृहस्थ इंटरनेटवर कंपनीच्या मदतकेंद्राचा क्रमांक शोधतात. तेथे कोणीतरी पेरून ठेवलेला खोटा क्रमांक मिळतो. पलीकडचा माणूस अत्यंत नम्रपणे एक ॲप उतरवून घ्यावयास सांगतो, किंवा व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलवर पडदा दाखविण्यास सांगतो. ही सोय तेथे ऑगस्ट २०२३ पासून आहे. मग सेवेचे शुल्क म्हणून अवघे दहा रुपये भरावयास सांगितले जाते. ते भरताना टंकलेली माहिती आणि आलेला ओटीपी पलीकडे वाचला जातो. ॲप दूरनियंत्रणाचे असेल, तर फोनच त्याच्या ताब्यात जातो. ओटीपी कोणालाही सांगू नये, हे त्या गृहस्थांना पाठ असते. त्यांनी तो सांगितलेला नसतोच, दाखविलेला असतो.

दूरनियंत्रणाच्या ॲपमधून होणाऱ्या फसवणुकीबाबत रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते. तरीही या मार्गाने खाती रिकामी होत आहेत, कारण पडदा दाखविणे हे पासवर्ड सांगण्याइतके गंभीर कुणाला वाटत नाही. कोणत्याही बँकेचा अधिकारी खातेदाराला फोनचा पडदा दाखविण्यास सांगत नाही. मदतकेंद्राचा क्रमांक संचाच्या पेटीवरून, माहितीपुस्तिकेतून अथवा कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा.

चूक घडलीच, तर लाजेखातर गप्प राहू नये. फोनचे इंटरनेट तत्काळ बंद करावे, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खाते व कार्ड रोखावे आणि १९३० या राष्ट्रीय मदतवाहिनीवर तक्रार नोंदवावी. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने घालून दिलेले तत्त्व येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालेले नुकसान बँकेला कळवीपर्यंत ग्राहकाचे आणि कळविल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे. म्हणजे तक्रारीस लागणाऱ्या प्रत्येक मिनिटाला किंमत आहे.

शाखेतील कर्मचाऱ्यांनीही काउंटरवर आलेल्या ज्येष्ठ खातेदाराला ‘ओटीपी सांगू नका’ एवढेच सांगून थांबू नये. ‘पडदाही दाखवू नका’ हे दुसरे वाक्य त्याला जोडावे.

मुंजीची चित्रफीत संचावर जरूर लागावी, आजींनी नातवाचे मुख डोळे भरून पाहावे आणि सारे घर पुन्हा एकदा एका पडद्यासमोर बसावे. संचाचे नाव निवडण्यापूर्वी क्षणभर थांबून एकच विचार करावा, की समोर चित्रफीत जात आहे की फोन? चित्रफीत सर्वांची असते. फोन मात्र ज्याचा त्यानेच पाहावयाचा असतो.