घरात दोन कॉम्प्युटर, बिलाची फाइल मात्र एकच

बिलिंग लॅपटॉपवर, हिशोब घरच्या कॉम्प्युटरवर आणि मध्ये पेनड्राइव्हची ये-जा. मग खरी फाइल कोणती हेच कळत नाही, आणि जीएसटी रिटर्न भरताना हा घोळ महागात पडतो.

दोन्ही मशीन एकाच राउटरला जोडा. इंटरनेट वाटलं जातंच, फाइलही वाटता येते. विंडोज 10 मधलं होमग्रुप 2018 च्या अपडेटमध्ये गेलं, ते शोधत बसू नका. नेटवर्क 'प्रायव्हेट' करा, फक्त एकच फोल्डर शेअर करा, पासवर्ड ठेवा.

आयपी म्हणजे आपल्या जयसिंगपूरचा पत्ता समजा. 192.168.1 ही गल्ली, शेवटचा आकडा घर नंबर. गल्ली वेगळी असेल तर मशीन एकमेकांना सापडत नाहीत. म्हणूनच ग्राहकांना वायफाय द्यायचं तर वेगळं गेस्ट नेटवर्क द्या.

जुनं एसएमबी 1 चालू करू नका. मे 2017 मध्ये वॉनाक्राय त्यातूनच पसरला होता. अपडेटही टाळू नका.

आणि लक्षात ठेवा, शेअर म्हणजे बॅकअप नव्हे. 2019 चा महापूर आपल्या शिरोळ तालुक्यानं बघितलाय. एक कॉपी घराबाहेर हवीच. आज दुकान बंद केल्यावर एवढं कराच!