पत्ता वाचायचा उजवीकडून

सातबारा पाहायचा म्हटलं, की बारामतीजवळच्या सांगवीतला शेतकरी मोबाइलवर टाइप करतो : भूलेख डॉट महाभूमी डॉट जीओव्ही डॉट इन. हे मधले डॉट कशासाठी?

पाकिटावरचा पत्ता बघा : ‘मु. पो. सांगवी, ता. बारामती, जि. पुणे’. नुसतं सांगवी लिहून भागत नाही, पिंपरी-चिंचवडलाही सांगवी आहे. म्हणून आधी जिल्हा, मग तालुका, शेवटी गाव. वेब पत्ताही असाच शेवटाकडून उलगडतो. ‘इन’ म्हणजे भारत, ‘जीओव्ही’ म्हणजे सरकार, ‘महाभूमी’ हे राज्याच्या जमीन नोंदींचं घर आणि ‘भूलेख’ त्यातली एक खोली. एकेका पायरीवर पुढचा ठावठिकाणा विचारत अखेर एक आकडा हाती लागतो. संगणक एकमेकांना शोधतात ते या आकड्यावरूनच. नावावरून आकडा काढण्याची ही व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली मांडली.

आता खरी कामाची गोष्ट. अनुदानाच्या नावाने आलेल्या लिंकमध्ये ‘जीओव्ही डॉट इन’ दिसलं म्हणून विश्वास टाकू नका. स्वतःच्या वेब पत्त्याच्या डावीकडे कुणीही हवे ते शब्द जोडू शकतो. सुरुवातीच्या जोड तिरक्या रेघा सोडा, त्यानंतरची पहिली तिरकी रेघ गाठा आणि तिथून मागे, डावीकडे वाचा. रेघेला लागून ‘जीओव्ही डॉट इन’ नसून भलतंच काही असेल, तर ती लिंक उघडू नका. आधार क्रमांक, ओटीपी तर मुळीच देऊ नका.