सरासरी सारखी, मोल निराळे

विजय मर्चंट यांची कसोटी क्रिकेटमधील सरासरी ४७.७२, तर विजय हजारे यांची ४७.६५. एका धावेच्या दहाव्या भागाइतकेही अंतर नाही. संघात एकच जागा असती तर या दोघांपैकी कोणाला घ्यावे, याचे उत्तर या आकड्यांत सापडत नाही. अंधेरी-बोरिवलीतील एखाद्या क्लबच्या निवड समितीपुढेही हाच पेच उभा राहतो. दोन मुलांच्या धावा सारख्या, जागा मात्र एक. आणि निर्णय चुकला तर एका मुलाचा मोसम वाया जातो.

प्रथम सरासरी कशी तयार होते ते पाहू. मर्चंट यांनी १० कसोटींतील १८ डावांत ८५९ धावा केल्या आणि ते एकदाही नाबाद राहिले नाहीत. हजारे यांनी ३० कसोटींतील ५२ डावांत २१९२ धावा केल्या. त्यांपैकी ६ डावांत ते नाबाद होते. सरासरी काढताना धावांना बाद होण्याच्या संख्येने भागतात, डावांच्या नव्हे. डावांनी भागले तर हजारे यांचा आकडा ४२.१५ वर येतो. परंतु म्हणून ते उणे ठरत नाहीत. सलामीच्या फलंदाजापुढे अख्खा डाव असतो. मधल्या फळीतील फलंदाजाचा डाव मात्र कधी साथीदार संपल्यामुळे, तर कधी कर्णधाराने डाव घोषित केल्यामुळे अर्धवट राहतो.

दुसरा मुद्दा प्रतिस्पर्ध्यांचा. मर्चंट यांच्या दहाही कसोटी इंग्लंडविरुद्धच्या. १९४७-४८च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर ते प्रकृतीच्या कारणास्तव गेले नाहीत. त्याच दौऱ्यात अॅडलेडला हजारे यांनी लिंडवॉल आणि मिलर यांच्या माऱ्यापुढे ११६ व १४५ अशी दोन्ही डावांत शतके ठोकली. भारताचा दुसरा डाव २७७ धावांचा होता. म्हणजे निम्म्याहून अधिक धावा एकट्या हजारेंच्या.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा मुद्दा भूमिकेचा. नव्या चेंडूची धार बोथट करणे हे सलामीवीराचे काम. १९३६ साली मँचेस्टरला मर्चंट यांनी मुश्ताक अलींसह २०३ धावांची सलामी दिली. अशा सलामीचा लाभ पुढील प्रत्येक फलंदाजाला मिळतो. तो मर्चंट यांच्या खात्यावर मात्र दिसत नाही. हजारे यांचे काम कोसळणारा डाव सावरण्याचे. १९५२ साली लीड्सला भारताचे चार गडी शून्यावर बाद झाल्यावर कर्णधार हजारे यांनी ५६ धावा करून फडकरांसह १०५ धावांची भागीदारी रचली. १९४३च्या पंचरंगी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मर्चंट यांनी हिंदू संघासाठी नाबाद २५० धावा केल्या. उत्तरादाखल फॉलोऑननंतर रेस्ट संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजारेंच्या होत्या. तरीही रेस्ट एक डाव आणि ६१ धावांनी हरला. एकाकी खेळी कितीही मोठी असली तरी संघाला तारतेच असे नाही.

प्रथम श्रेणीत मर्चंट यांचे पारडे जड. त्यांची ७१.६४ ही सरासरी ब्रॅडमन यांच्याखालोखाल मानली जाते, हजारेंची ५८.३८. मात्र हजारे यांच्या नावावर प्रथम श्रेणीतील ५९५ बळीही आहेत. त्यांना घेतले की संघाला आणखी एक गोलंदाज मिळतो.

तेव्हा निवड करताना आधी उरलेल्या दहा जणांकडे पाहावे लागते. संघ सुरुवातीलाच ढासळत असेल तर मर्चंट यांचे मोल अधिक. सलामी भक्कम, पण मधली फळी कच्ची आणि गोलंदाज अपुरे असतील तर हजारे यांचे. दोघेही मिळाले तर काय होते, हे १९५१च्या दिल्ली कसोटीत दिसले. मर्चंट यांनी आपल्या अखेरच्या कसोटीत १५४, तर हजारे यांनी नाबाद १६४ धावा केल्या आणि तिसऱ्या गड्यासाठी २११ धावांची भागीदारी झाली.